हाताने बूट होतं, आपोआप होत नाही: हँडहेल्डमधल्या एसडी कार्डाचं नेमकं दुखणं

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते: "दादा, कार्ड परत गेलं." माझा मावसभाऊ धायरीला राहतो. त्याच्याकडे हातात मावणारा गेमिंग कॉम्प्युटर, म्हणजे हँडहेल्ड, आहे. आतल्या डिस्कवर विंडोज आणि मायक्रोएसडी कार्डावर लिनक्स. अभ्यासासाठी लिनक्स, असं घरी सांगितलंय. कार्ड आत असेल तर मशीनने आपणहून लिनक्स उघडावं, नसेल तर विंडोज, एवढीच अपेक्षा. थोडे दिवस तसं होतंही. मग एका सकाळी पॉवर दाबली की थेट विंडोज. कार्ड जागेवर असतं, पण मशीनला त्याचं सोयरसुतक नसतं.

कार्ड गेलेलं नसतं. शंभरातल्या किती केसेस वगैरे मला सांगता येणार नाही, पण माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत होतं आणि माणूस तोवर नवीन कार्ड घेऊन मोकळा झालेला होता. शिवाय पुण्यात दिसणारी अशी यंत्रं बरीचशी अमेरिकेहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असतात. स्टीम डेक हा व्हॉल्व्ह कंपनीचा हँडहेल्ड फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकडे हातात पडायला लागला, तेव्हा तो भारतात अधिकृत विक्रीला नव्हता. घेऊन जायला सर्व्हिस सेंटर नाही, म्हणून अंदाजपंचे उपाय चालतात. त्यात पहिला नंबर कार्डाचा, दुसरा फॉर्मॅटचा.

म्हणून काहीही करण्याआधी एकच गोष्ट तपासा. बूट मॅनेजर, म्हणजे मशीनने कशावरून चालू (बूट) व्हायचं ते निवडायची यादी, उघडून कार्ड हाताने निवडलं तर सिस्टिम चालू होते का? स्टीम डेकवर मशीन पूर्ण बंद करायचं, आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, पॉवर दाबायची आणि टुंग असा आवाज आला की बटण सोडायचं. बूट होऊ शकणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी समोर येते. इतर हँडहेल्डवर बटणांची जोडी वेगळी असते, यादी मात्र मिळतेच.

यादीत कार्ड दिसलं आणि निवडल्यावर लिनक्स नीट उघडलं, तर कार्ड, फाइल सिस्टिम, बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळं निर्दोष आहे. दुखणं फक्त क्रमाचं आहे. फॉर्मॅटला हात लावू नका.

क्रम कोण ठरवतं? यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे आपण सवयीने ज्याला बायोस म्हणतो ते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये ते नोंदी ठेवतं. प्रत्येक नोंदीला चार अंकी नंबर असतो आणि 'बूटऑर्डर' नावाच्या एका व्हेरिएबलमध्ये हे नंबर ओळीने लिहिलेले असतात. वरून खाली जायचं, जो पहिला चालेल तो घ्यायचा, इतका साधा कारभार. गोम अशी की आतल्या डिस्कवरच्या सिस्टिमची नोंद कायमची असते, आणि कार्डाची नोंद बऱ्याच फर्मवेअरमध्ये कार्ड दिसल्यावर तिथल्या तिथे तयार होते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा पाहुणा बाहेर पडला की रजिस्टरमधलं नाव खोडतो आणि परत आला की ओळीच्या शेवटी नव्याने लिहितो, तसंच. तुम्ही त्याला काल सगळ्यात वर बसवलं होतं हे त्याच्या खिजगणतीतही नसतं.

भावाच्या मशीनवर हे समोरासमोर पाहिलं. लिनक्स चालू असताना टर्मिनलवर 'एफिबूटएमजीआर' ही आज्ञा दिली की नोंदी छापून येतात. बूटऑर्डर होती ०००१, ००००. त्यातली ०००० म्हणजे विंडोज बूट मॅनेजर आणि ०००१ म्हणजे एसडी कार्ड. मशीन बंद केलं, कार्ड काढलं, विंडोज एकदा चालू करून बंद केलं, कार्ड परत घातलं आणि या वेळी हाताने निवडून लिनक्समध्ये आलो. तीच आज्ञा पुन्हा दिली. ऑर्डर आता ००००, ०००१. कुणी काही बदललं नव्हतं, फक्त एकदा कार्डाशिवाय मशीन चालू झालं होतं. "म्हणजे मी कॅमेऱ्यात घालायला कार्ड काढलं म्हणून?" तो म्हणाला. हो रे बाबा, म्हणूनच. तुमच्याकडेही बिघाड 'अधूनमधून' होत असेल तर आधीच्या दिवशी कार्ड बाहेर आलं होतं का, हे आठवून बघा.

विंडोजमधूनही हीच यादी दिसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'बीसीडीएडिट'ला फर्मवेअरच्या नोंदी दाखवायला सांगा.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे एफिबूटएमजीआरने क्रम पुन्हा लावणे. टिकतो पुढच्या वेळी कार्ड निघेपर्यंत. कार्ड कधीच न काढणाऱ्याला पुरेसा आहे, बाकीच्यांसाठी ही रोजची डोकेदुखी.

दुसरा, कार्डासाठी आपल्या हाताने वेगळी नोंद तयार करणे. अशा नोंदीत कार्डावरच्या बूट पार्टिशनचा ओळखक्रमांक, म्हणजे जीयूआयडी, लिहिलेला असतो, त्यामुळे ती फर्मवेअरने बनवलेल्या नोंदीपेक्षा चिवट असते. पण कार्डावर पार्टिशन नव्याने पाडले की क्रमांक बदलतो आणि नोंद हवेत लटकते. काही फर्मवेअर तर जागेवर नसलेल्या पार्टिशनची नोंद सरळ पुसून टाकतात. करून बघायला हरकत नाही, पण मी यावर विसंबत नाही.

तिसरा मी स्वतः सगळ्यांना करून देतो. फर्मवेअरला निर्णय घ्यायलाच लावायचं नाही. आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटलोडर ठेवायच्या छोट्या भागावर) 'रीफाइंड' हा छोटा बूट मॅनेजर बसवायचा आणि बूटऑर्डरमध्ये त्याला पहिला ठेवायचा. तो आतल्या डिस्कवर असल्याने त्याची नोंद कार्डाबरोबर येत-जात नाही. मशीन चालू झालं की आधी रीफाइंड उठतो आणि कार्ड आहे का ते तो स्वतः बघतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन गोष्टी लावायच्या. 'डीफॉल्ट सिलेक्शन'मध्ये अवतरणचिन्हांत स्वल्पविराम देऊन एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात आणि त्यातलं जे पहिलं सापडेल ते घेतलं जातं. आधी कार्डावरच्या लिनक्सचं, मग विंडोजचं नाव लिहा. 'टाइमआउट' तीन-चार सेकंद ठेवा. आणि 'स्कॅन डिले' विसरू नका. कार्ड रीडर आतल्या डिस्कपेक्षा सावकाश जागा होतो. रीफाइंडने फार लवकर नजर टाकली तर त्याला कार्ड दिसत नाही आणि तो विंडोज उघडून मोकळा होतो. एक-दोन सेकंद थांबवलं की बऱ्याचदा काम होतं. स्क्रीनवर रीफाइंड आला पण कार्डाचं चिन्ह नाही, अशा वेळी कीबोर्ड जोडून एस्केप दाबा. तो नव्याने शोधतो. मग कार्ड दिसलं तर विलंब वाढवायचा, एवढंच निदान.

रीफाइंड बसवण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. विंडोजसकट येणाऱ्या हँडहेल्डवर सिक्युअर बूट चालू असतं आणि सही नसलेला बूटलोडर ते उघडू देत नाही. ते बायोसमधून बंद करा, नाहीतर 'शिम' या सही असलेल्या मधल्या बूटलोडरची वाट धरा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बूटचा मार्ग बदलला की विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती तुमच्याकडे नसेल तर आतला डेटा अडकला.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर त्याचा बूट मॅनेजर स्वतःला पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवू शकतो. याला फार चिडून उपयोग नाही. क्रम पुन्हा लावा, किंवा दर वेळी हेच होत असेल तर बीसीडीएडिटने विंडोज बूट मॅनेजरच्या नोंदीतला पाथच रीफाइंडच्या फाइलकडे वळवा. मग विंडोज पहिलं आलं तरी उठतो रीफाइंडच.

विंडोजचं आणखी एक लफडं आहे, फास्ट स्टार्टअप. 'शट डाउन' म्हटल्यावर मशीन खरं बंद होत नाही. सिस्टिमचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. अशा अवस्थेत लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडायला गेलात तर ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि जबरदस्तीने लिहिलंत तर डेटाची वाट लागते. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंदच करा. त्याच्याशी नावाने मिळतीजुळती पण वेगळी गोष्ट म्हणजे बायोसमधलं फास्ट बूट. ते चालू असलं की फर्मवेअर वेळ वाचवण्यासाठी काढता-घालता येणारी उपकरणं तपासायचं टाळू शकतं. मग कार्ड यादीत येणार कुठून?

इथून दुसऱ्या प्रकाराकडे. बूट मॅनेजरच्या यादीत कार्ड दिसतच नाही. आधी बायोसचं फास्ट बूट बंद करून बघा. नंतर कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून त्यावर काय आहे ते पाहा. फर्मवेअरला एक्सफॅट किंवा लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येईल असं धरून चालू नका. ते फॅट३२ असलेलं ईएफआय पार्टिशन शोधतं. काढता येणाऱ्या माध्यमावर त्याने कुठे बघायचं हेही ठरलेलं आहे: 'ईएफआय' फोल्डरमध्ये 'बूट' फोल्डर, आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची ईएफआय फाइल. ती नसेल तर कार्डावर बाकी कितीही व्यवस्थित लिनक्स असू दे, फर्मवेअरच्या लेखी ते कोरं आहे. बरेच इन्स्टॉलर ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर आपल्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतात आणि फ्लॅश चिपमध्ये नोंद करून ठेवतात. नोंद पुसली गेली की ग्रब अनाथ. यावर औषध म्हणजे ग्रब कार्डावर 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन पुन्हा बसवणे. मग तो ठरलेल्या जागी फाइल ठेवतो आणि चिपमधल्या नोंदीवर अवलंबून राहत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात आणि त्याच्या भावंडांमध्ये ग्रबचं पॅकेज रीकॉन्फिगर करताना हाच प्रश्न विचारला जातो. तिथे 'हो' म्हणा.

काही इन्स्टॉलर तर कार्डावर लिनक्स टाकताना बूटलोडर गुपचूप आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर ठेवतात. याची खूण अगदी ठळक आहे: कार्ड काढल्यावर मशीन विंडोजमध्ये न जाता काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढंच लिहून थांबतं. स्टीम डेकवर ते आडवं दिसतं, कारण त्याचा पडदा मुळात उभा बसवलेला आहे. मान वाकडी करून वाचायचं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण इथे लोक हमखास चुकीच्या दिशेला पळतात. कार्ड निवडलं जातं, ग्रब येतो, कर्नल सुरू होतो, थोडा मजकूर धावतो आणि मग अमुक यूयूआयडीचं (ओळखक्रमांकाचं) डिव्हाइस सापडत नाही असं म्हणून इमर्जन्सी शेल उघडतो. कुणीही म्हणेल कार्ड खराब. पण विचार करा: कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरचं गाठोडं) याच कार्डावरून तर वाचले गेले. फर्मवेअरने ते स्वतःच्या ड्रायव्हरने वाचून मेमरीत ठेवले. त्यानंतर फर्मवेअर बाजूला झालं आणि कर्नलला कार्ड स्वतःच्या ड्रायव्हरने शोधायचं आहे. तो ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नसेल तर त्याला कार्ड दिसणार कसं?

ड्रायव्हर नसतो याचं कारणही ठरलेलं. घरच्या डेस्कटॉपला यूएसबी कार्ड रीडर लावून त्यावर लिनक्स बसवलेलं असतं. त्या वेळी सिस्टिमच्या दृष्टीने ते यूएसबी डिस्क होतं, म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये यूएसबीचे ड्रायव्हर गेले, एसडीचे नाही. आर्च लिनक्समध्ये 'ऑटोडिटेक्ट' हुक हेच करतो. डेबियनमध्ये डीफॉल्ट 'मोस्ट' (बहुतेक सगळे ड्रायव्हर) असतं म्हणून सहसा वाचतं, पण 'डेप' (फक्त गरजेपुरते) निवडलं असेल तर तिथेही हीच गत. खात्री करायची असेल तर तेच कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून रीडर हँडहेल्डला जोडा. रीडरमधून सुरळीत उघडलं आणि खाचेतून नाही, तर निदान पक्कं. मग 'एमएमसी ब्लॉक' आणि 'एसडीएचसीआय पीसीआय' ही मॉड्यूल्स कॉन्फिगमध्ये लिहून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा. हे करेपर्यंत आर्चच्या यादीत 'फॉलबॅक' असेल तर ते निवडून आत जाता येतं, कारण त्यात सगळे ड्रायव्हर भरलेले असतात.

त्याच पडद्यावर रूट पार्टिशन यूयूआयडीऐवजी 'एमएमसीबीएलके० पी२' अशा नावाने मागितलेलं दिसलं, तर तेही बदला. आतली डिस्क ईएमएमसी (कार्डासारखीच चालणारी, आत बसवलेली फ्लॅश) असेल, जसं ६४ जीबीच्या मूळ स्टीम डेकमध्ये होतं, तर शून्य कोण आणि एक कोण हे दर वेळी तसंच राहील याची हमी नसते. यूयूआयडी लिहा. आणि कर्नलच्या ओळीत 'रूटडिले' सेकंदांसह जोडा, म्हणजे कार्ड उशिरा उठलं तरी इनिटरॅमएफएस त्याच्यासाठी थांबेल.

आता एक विचित्र वाटणारं लक्षण. पूर्ण बंद करून चालू केलं तर कार्डावरून बूट होतं, पण रीस्टार्ट केलं की कार्ड गायब. कार्ड सुरुवातीला ३.३ व्होल्टच्या सिग्नलवर बोलतं. यूएचएस-१ च्या वेगवान मोडमध्ये गेलं की १.८ व्होल्टवर उतरतं. आणि एकदा उतरलं की पुन्हा वर चढण्याचा एकच मार्ग: त्याचा वीजपुरवठा तोडून परत देणे. रीस्टार्टमध्ये खाचेची वीज तोडली गेली नाही, तर फर्मवेअर ३.३ वर हाका मारत राहतं आणि कार्ड १.८ वर बसलेलं असतं. एआरएम बोर्ड असलेल्या छोट्या यंत्रांमध्ये हा आजार जास्त दिसतो. साधा उपाय म्हणजे रीस्टार्ट न करता बंद-चालू करणे. फर्मवेअरचं अपडेट असेल तर तेही टाकून बघा. कर्नलला १.८ व्होल्ट वापरू नकोस असं सांगता येतं, पण मग वेग १०४ ऐवजी जास्तीत जास्त २५ मेगाबाइट प्रति सेकंदावर येतो. त्यापेक्षा बंद-चालू परवडलं.

रास्पबेरी पाय कॉम्प्युट मॉड्यूल ४ वापरणाऱ्या हँडहेल्डवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे यूईएफआय नाही. ईईप्रॉम या चिपमध्ये बूटऑर्डरचा एक आकडा असतो आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा: १ म्हणजे एसडी, ४ म्हणजे यूएसबी, शेवटचा एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि तुमच्या मॉड्यूलवर ईएमएमसी असेल तर कार्डावरून बूट होणारच नाही, कारण कार्डाची लाइन ईएमएमसीने अडवलेली आहे. त्यासाठी 'लाइट' मॉड्यूल लागतं.

एवढं सगळं झाल्यावर कार्डाकडे वळा. कर्नलच्या मजकुरात एमएमसी आणि त्यापुढे उणे ११० दिसलं तर कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही. उणे ८४ दिसलं तर येणारा डेटा मध्येच बिघडतोय. दोन्हींत आधी संपर्क तपासा. पावसाळ्यात आणि खोदलेल्या रस्त्यांवरून रोज बॅगेत फिरणाऱ्या यंत्रात खाचेत दमट धूळ बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने कार्डावरचे सोनेरी पट्टे हलक्या हाताने पुसा आणि वाळू द्या. तरी तोच आकडा आला तर मात्र कार्ड बदला.

नवीन घेताना वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा ए१ किंवा ए२ ही खूण बघा. सिस्टिम चालवायला लागतं ते इकडचं-तिकडचं थोडं थोडं वाचणं-लिहिणं. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ए२ ची पूर्ण मजा यंत्राने कमांड क्यू (आज्ञा रांगेत लावायची सोय) वापरली तरच, नाहीतर जास्तीचे पैसे वाया. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल घ्या आणि घरी आल्याबरोबर 'एफ३' किंवा 'एच२टेस्टडब्ल्यू'ने पूर्ण क्षमता लिहून-वाचून बघा. २५६ जीबी छापलेल्या कार्डात खरे ३२ च असतील तर सुरुवातीला सगळं छान चालतं आणि भरत आल्यावर जुन्या फाइलींवर नव्या बसतात. त्यात कर्नल सापडला की बूट बंद. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर कार्डावर इमेज लिहायचं काम गुरुवारी (पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार) टाळा, मधेच लाइट गेली तर अर्धवट कार्ड हातात येतं.

कार्डावरून चालू असलेलं मशीन स्लीपमध्ये असताना कार्ड काढू नका. जागं झाल्यावर चालू सिस्टिमच्या पायाखालची जमीनच नसते आणि ईएफआय पार्टिशनची फॅट बिघडते ती वेगळी. तसं झालं असेल तर दुसऱ्या लिनक्सवरून त्या पार्टिशनवर एफएससीके ही तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवून घ्या.

सगळं जुळल्यावर एफिबूटएमजीआरने छापलेल्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेटनंतर नोंदी कोऱ्या होऊ शकतात, आणि तेव्हा रीफाइंडची नोंद कोणत्या पार्टिशनवरच्या कोणत्या फाइलकडे बघत होती हे त्या फोटोत मिळतं. तोपर्यंत आत शिरायचं असेल तर स्टीम डेकवर आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर दाबा. तिथे 'बूट फ्रॉम फाइल' आहे. त्यातून कार्डावरची बूटएक्स६४ फाइल थेट उघडता येते.